शाहवलीच्या पडद्यातली तुती

आमच्या अंगणात झाड एकच, आणि तेही पडद्यावरचं. बाकी एक नळ, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, अमाकी सुलेमानचा तंदूर आणि आम्ही चार बिऱ्हाडं. अमाकी सुलेमान घरमालक, अमाकी म्हणजे काका, इथलाच ताजिक. या वहदत गावात जन्मला आणि वहदतमध्येच मरणार, याची त्याला पक्की खात्री आहे. आम्हा बाकीच्यांना कसलीच खात्री नाही. आम्ही नदीपलीकडचे, अफगाण. भाषा जवळजवळ एकच असल्यामुळे भांडायला दुभाषी लागत नाही, एवढंच काय ते सुख.

पडदा शाहवलीचा. शाहवली मजार शहरातला, मीही तिथलीच. मला सगळे खाला माहजबीन म्हणतात, मी कपडे शिवते, आणि दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला सवय आहे. ती आहे म्हणूनच हे सगळं मला माहीत आहे, तेव्हा कुणी नाकं मुरडू नयेत.

मजारला शाहवली फोटो स्टुडिओंचे पडदे रंगवायचा. ज्यांच्यापुढे खुर्ची ठेवून फोटो काढतात, ते पडदे. धबधबे, हंस, संगमरवरी जिने, त्याला नावंही ठाऊक नाहीत अशा देशांतले बर्फाचे डोंगर. त्याला कुणी कलावंत म्हटलं तर तो कान लाल होईपर्यंत लाजायचा. "माझ्या चित्रात माणूसच नसतो, खालाजान. माणूस गिऱ्हाईक स्वतः घेऊन येतं." त्याचा सगळ्यात पहिला पडदा त्यानं मिसरूड फुटायच्या वयात रंगवला होता. स्वतःच्या घरातली निळी लाकडी खिडकी आणि तिच्यातल्या लाल जिरेनियमच्या कुंड्या. त्या खिडकीपुढे बसायला नव्या नवऱ्या भांडायच्या. माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुड्याचा फोटो तिथलाच आहे.

मग राज्य बदललं. स्टुडिओवाल्यानं दाराला कुलूप लावलं, आणि शाहवली बायकोला, सीमीनला, घेऊन नदी ओलांडून इकडे आला. आई आली नाही. बीबीजान म्हणाली, "माझी खिडकी सोडून मी कुठं येऊ? कुंड्यांना पाणी कोण घालेल?"

इथून केलेल्या पहिल्याच फोनवर तिनं विचारलं, "बच्चेम, घर कसं आहे? अंगण आहे का? झाड आहे का?" बच्चेम म्हणजे माझं बाळ, आमच्याकडे आया साठीच्या मुलालाही तेच म्हणतात. शाहवलीच्या खोलीत तेव्हा एक गादी होती आणि ओल धरलेली भिंत होती. तो म्हणाला, "आहे ना, बीबी. तुतीचं आहे. हौदसुद्धा आहे." म्हणून बसला. पुढच्या शुक्रवारी बीबीजान म्हणाली, आता चित्राचा फोन कर, मला झाड बघायचंय. तोवर शाहवलीनं बाजारातून जाड कापड आणून भिंतभर पडदा रंगवला होता. उघडा दरवाजा, पलीकडे अंगण, अंगणात हौद आणि हौदावर वाकलेली तुती. नवराबायको त्याच्यापुढे चहाचे पेले हातात घेऊन बसले. बीबीजाननं डोळे पुसले आणि म्हणाली, "आता मी सुखानं मरते."

ती काही मेली नाही, उलट दर शुक्रवारी झाडाची चौकशी करू लागली. त्यामुळे शाहवलीला झाड जगवावं लागलं. थंडी पडली की तो पानं रंगानं बुजवून टाकायचा आणि फांद्यांवर बर्फ ठेवायचा. वसंतात, नौरोजच्या सुमाराला, कोवळी पालवी काढायचा. उन्हाळ्यात तुती पिकवायचा आणि हौदाचं पाणी थोडं खाली न्यायचा. एकाच कापडावर रंगाचे इतके थर चढले की पडदा भिजलेल्या गोधडीसारखा जड झाला.

"अरे, दुसरं कापड घे की," मी म्हणायचे.

"दुसरं कापड घेतलं तर दुसरं झाड होईल, खालाजान."

आता अशा माणसाशी काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर तो पडदा एकट्या त्याचा राहिलाच नव्हता. अंगणातल्या सगळ्यांनी त्याच्यापुढे बसून घरी फोटो पाठवले होते. तिकडे कुंदूजला राहणारी माझी बहीण दर उन्हाळ्यात विचारते, तुती वाळवल्या का, आम्हाला पाठव. मी म्हणते, यंदा चिमण्यांनी खाल्ल्या.

शुक्रवारी नमाज झाला की आम्ही सगळे शाहवलीच्या खोलीत जमायचो. फोनवर बीबीजान दिसायची, तिच्यामागे ती निळी खिडकी आणि लाल जिरेनियम. चित्र धूसर, मध्येच थिजणारं, पण फुलं लाल दिसायची. शाहवली फुशारून जायचा. "बघा माझ्या आईचा हात! भर थंडीत फूल गळलेलं नाही." आम्ही माशाल्ला म्हणायचो आणि चहा प्यायचो.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि फरामर्ज मास्तरांनी उर्सुलाला आणलं.

फरामर्ज मास्तर कोपऱ्यातल्या खोलीत राहतात. काबूलला इंग्रजी शिकवायचे. सज्जन माणूस, पण शब्दाला शब्द ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी बातमी आणली की युरोपातल्या एका गावात परागंदा कलावंतांसाठी एक घर आहे. निवडलेल्या माणसाला तिथं सहा महिने ठेवतात. राहणं, जेवण, रंग, कापड, सगळं त्यांचं. मास्तरांनी शाहवलीचं नाव परस्पर पाठवूनही दिलं होतं.

"आणि काम काय करायचं तिथं?" सीमीननं विचारलं.

"स्वतःचं."

"म्हणजे त्यांचं काहीच करायचं नाही?" अमाकी सुलेमान तंदुरात नान लावता लावता थांबला.

"नाही."

"मग ते कशाला पोसतायत?"

"कलेसाठी," मास्तर म्हणाले, पण त्यांनाही ते नीट पटलेलं दिसलं नाही.

"घरजावई करून नेतायत म्हणा ना," मी म्हटलं. "फक्त मुलगी द्यायची राहिलीय."

सीमीन हसली नाही. तिलाही बरोबर नेणार होते. आमचे इथले राहण्याचे कागद शरदापर्यंतचे होते आणि पुढं काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, बघू. सीमीन तेव्हापासून नळाशी उभी राहून उगाच हंडा भरून वाहू द्यायची आणि अमाकी ओरडेपर्यंत तिच्या लक्षात यायचं नाही.

त्या युरोपातल्या घराकडून माणूस बघायला उर्सुला खानम नौरोजनंतर आली. उंच, पांढरे केस मुलासारखे कापलेले, पायात डोंगर चढायचे बूट. दारातच बूट काढून तिनं ते हातात धरले, खाली ठेवायचे की नाही ते तिला कळेना. सीमीननं पातीचं सारण भरून आशक वाफवले होते, बटाटा भरून बोलाणी तळली होती, खिसमिस, पिस्ते, सगळं मांडलं होतं. उर्सुलानं सगळ्यातलं खाल्लं. आम्हाला बरं वाटलं.

मग तिनं शाहवलीला प्रश्न विचारले. मास्तर मध्ये बसले होते.

"तुमचं सगळ्यात चांगलं काम कुठलं?"

"माझं कसलं काम! भिंती काळ्या करतो झालं."

मास्तरांनी तेच जसंच्या तसं सांगितलं. उर्सुलानं भुवया उंचावल्या.

"देश सोडल्याचं दुःख तुम्ही चित्रात कसं आणता?"

"दुःख? नाही हो. तुमच्या कृपेनं सगळं ठीक आहे."

"आमच्याकडे येऊन काय करायला आवडेल?"

"तुम्ही हुकूम कराल ते."

मी कपाळाला हात लावला. आमच्यात पाहुण्यापुढे याहून वेगळं बोलणाऱ्याला असभ्य म्हणतात, पण ती बाई आमच्यातली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ वाढत चालला होता. तेवढ्यात तिचं लक्ष भिंतीवर गेलं. नवी पालवी नुकतीच फुटली होती, रंग ओला वाटावा इतका कोवळा. ती उठली, पडद्याजवळ गेली, बोटानं थर चाचपले. शाहवलीनं तिला खालचा कोपरा दाखवला, तिथं रंगाचा पापुद्रा उडालेला होता आणि पालवीखाली बर्फ, बर्फाखाली पिवळं पान दिसत होतं.  मग इतकंच म्हणाली की एवढी सुंदर गोष्ट मी पुष्कळ दिवसांत पाहिली नाही.

आणि शाहवलीनं छातीवर हात ठेवून म्हटलं, "पेशकश."

म्हणणारच. आमच्यात पाहुण्यानं घरातली वस्तू वाखाणली की यजमानानं पेशकश म्हणायचं, म्हणजे ही तुमचीच झाली. पाहुण्यानं म्हणायचं, धन्यापाशीच शोभते. यजमानानं पुन्हा आग्रह करायचा, पाहुण्यानं पुन्हा नको म्हणायचं, दोघांनी एकमेकांना दुवा द्यायचा आणि वस्तू जिथल्या तिथं राहते. बाजारात दुकानदारसुद्धा पैसे घ्यायच्या आधी राहू द्या म्हणतो. म्हणून काय कुणी राहू देतं?

मास्तरांनी सांगितलं, "हा तुम्हाला तो पडदा भेट देतोय."

उर्सुला म्हणाली, नाही नाही, कसं शक्य आहे. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. शाहवलीनं रीतीप्रमाणे पुन्हा आग्रह केला. आणि इथं घोळ झाला. या बाईला निघण्यापूर्वी कुणीतरी शिकवून ठेवलं होतं की त्या लोकांत भेट नाकारली तर माणसं दुखावतात. तिचे डोळे भरून आले. तिनं शाहवलीचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "मी घेते."

 मग शाहवली उठला आणि त्यानं स्वतःच्या हातानं खिळे काढले. सीमीन त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. पडदा गुंडाळून दोरीनं बांधून त्यानं तो गाडीपर्यंत खांद्यावरून नेला. गाडी वळेपर्यंत तो हात हलवत होता.

परत आला तर भिंतीवर ओलीचा मोठा डाग आणि चार खिळ्यांची भोकं.

"नेला!" तो म्हणाला. "खरंच नेला!"

"तूच खिळे काढलेस," मी म्हटलं.

"मग काय करायचं होतं? ती घेते म्हणाली!"

त्या संध्याकाळी अंगणात ज्याला त्याला वेगळाच अर्थ लागला. मास्तरांचं मत, पडदा नेला म्हणजे निवड झाली, हा नमुना आहे. अमाकी सुलेमान म्हणाला, हे बयाणा दिल्यासारखं आहे, आता माणूस द्यावाच लागेल. सीमीन म्हणाली, तिनं लाच समजून घेतला असेल तर? मला काहीच कळत नव्हतं, आणि मला काही कळलं नाही की मला राग येतो. मी मास्तरांवर ओरडले, "तुम्हाला एक वाक्य गिळता येत नव्हतं?" ते म्हणाले, "मी फक्त भाषांतर केलं."

पण शुक्रवार समोर उभा होता आणि खरी भीती त्याची होती.

त्या शुक्रवारी शाहवलीनं फोनचा डोळा बोटानं झाकला आणि वीज गेली म्हणून सांगितलं. "दिवसाउजेडी वीज कशाला लागते रे?" बीबीजान म्हणाली. तो म्हणाला, ढग आलेत. ती म्हणाली, बरं, झाडाला पाणी झालं. 

नंतरच्या दिवसांत त्यानं नवा पडदा करून पाहिला. झाड येईना. बुंधा जमला तर हौद वाकडा, हौद जमला तर पालवी खोटी. जुन्या पडद्यावर प्रत्येक पानाखाली आधीचं पान होतं, इथं खाली नुसतं कापड. सीमीननं आपली चादर दिली होती, तीही गेली. तो पुसायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा पुसायचा. मी एकदा डोकावले तर तो कापडापुढे मांडी घालून बसलेला आणि म्हणाला, "खालाजान, फांदी डावीकडे होती की उजवीकडे?" इतकी वर्षं मी त्या झाडाखाली बसले होते आणि मला सांगता येईना.

शेवटी ठरलं की पडदा परत मागायचा. मास्तरांनी उर्सुलाला लिहायला घेतलं आणि मजकूर आम्हाला वाचून दाखवला. "आपल्या पावलांनी आमची झोपडी उजळली. आमचा क्षुद्र पडदा आपल्या भिंतीवर असणं हा आमच्या सात पिढ्यांचा मान आहे. सेवकाची आई वृद्ध असून तिला त्या झाडाची आठवण येते. आपल्याला तसदी दिल्याबद्दल क्षमा असावी."

"यात परत पाठवा असं कुठं आहे?" मी विचारलं.

"आहे की. आईला झाडाची आठवण येते."

"एवढ्यावरून तिला कळेल?"

शाहवली म्हणाला, "यापेक्षा उघड लिहिलं तर तोंडावर थुंकल्यासारखं होईल. दिलेली वस्तू मागतोय आपण."

उत्तर लगेच आलं. उर्सुलानं लिहिलं होतं की पत्र वाचून ती रडली. पडदा त्यांच्या घराच्या मोठ्या दालनात लावला आहे, आणि 'माझ्या आईला या झाडाची आठवण येते' हे वाक्य त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. लोक त्यापुढे थांबतात. शाहवलीची निवड झाली आहे, दोघांनी यावं, जूनपासून. फक्त एकच गोष्ट कळवावी, या सहा महिन्यांत तुम्ही इथं काय करणार? रविवारपर्यंत कळवलं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल.

मास्तर वाचून थांबले. आनंद करायचा की काय करायचं, कुणाला सुचेना. सीमीन मात्र खाली बसली आणि रडायला लागली, तेव्हा कळलं की आनंद करायचा होता.

"पण मी बीबीला काय सांगू?" शाहवली म्हणाला.

"काय म्हणजे? निघालोय म्हणायचं."

"ती विचारेल, एवढं घर, एवढं अंगण, हौद, झाड सोडून कुठं निघालास? काय सांगू? तिची दुवा घेतल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही, आणि दुवा मागायची तर हे सगळं खोटं होतं म्हणावं लागेल. ती मरेल, खालाजान. त्या झाडावर जगतेय ती."

"मग जाऊ नका," सीमीन रडता रडता म्हणाली. "शरदात कुठं जायचं ते मग झाडालाच विचारू."

 मला दोघांचंही बरोबर वाटत होतं, आणि त्यामुळे मी दोघांवरही चिडले.

शुक्रवार आला. आम्ही जमलो. भिंतीवर डाग तसाच. अमाकी सुलेमाननं आपल्या घरचा गालिचा आणला होता, म्हणाला, हा तरी टांगा. शाहवली म्हणाला, नको. त्यानं कोरी भिंत मागं घेतली, सीमीनला बाजूला बसवलं आणि फोन लावला.  

बीबीजान आली. मागं निळी खिडकी, लाल फुलं. मोठे डोळे करून तिनं फोन जवळ आणला.

"बच्चेम, झाड कुठं गेलं?"

शाहवलीनं सगळं सांगितलं. सजवून नाही, गोल गोल फिरवून नाही. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा असं बोलताना ऐकलं. झाड नव्हतं. हौद नव्हता. अंगणात फक्त नळ आहे आणि घरमालकाचा तंदूर आहे. पडदा होता, तो एका बाईला आवडला, मी पेशकश म्हटलं आणि ती घेऊन गेली.

"घेऊन गेली?" बीबीजान म्हणाली. "पेशकश म्हटल्यावर?"

"हो."

"कुठल्या घरची आहे ही बाई?"

"परदेशी आहे, बीबी."

"अच्छा," ती म्हणाली, आणि मग चित्र थिजलं. बीबीजानचं तोंड अर्धं उघडं, डोळे मिटलेले. आम्हाला वाटलं, झालं, मारलं यानं आईला. सीमीननं माझं मनगट घट्ट धरलं. मग चित्र हललं, आणि बीबीजान हसत होती. ओढणी तोंडाला लावून, खांदे हलवून, दात नसलेलं ते हसू. हसता हसता तिला ठसका लागला.

"आणि मी कुठं बसलेय असं वाटतं तुला?" ती म्हणाली.

तिनं हात मागं नेला आणि खिडकीचा कोपरा धरून उचलला. निळी लाकडी चौकट कापडासारखी दुमडली. कुंड्या दुमडल्या. मागं मातीची भिंत होती, भिंतीला टेकून तांदळाची पोती आणि एक मोडकी सायकल. तिनं कोपरा सोडला, आणि खिडकी पुन्हा जागेवर पडून थोडी हलत राहिली.

शाहवली फोनकडे बघत होता. 

"तू गेलास त्याच हिवाळ्यात घर गेलं," बीबीजान म्हणाली. "कुणी घेतलं ते विचारू नकोस, नाव घेण्यासारखे नाहीत ते. शेजारच्या हलीमानं ही मागची खोली दिली. स्टुडिओवाला पडदे जाळायला निघाला होता, तेव्हा हलीमा हा उचलून घेऊन आली. म्हणाली, बीबी, तुमची खिडकी."

"मी रंगवलेली," शाहवली म्हणाला.

"तूच रंगवलेली. आणि तूच दर शुक्रवारी म्हणतोस, आई, तुझा हात काय चांगला, भर थंडीत फूल गळलेलं नाही! कसं गळेल रे, गाढवा? मला तर वाटायचं, आता ओळखशील, मग ओळखशील."

आम्ही सगळे भिंतीकडे, फोनकडे, एकमेकांकडे बघत होतो. हा माणूस इकडे दर महिन्याला पानं बदलत होता, बर्फ आणत होता, पाणी कमी करत होता, आणि तिकडे आईच्या कुंड्यांतली फुलं वर्षानुवर्षं तिथल्या तिथं होती, आणि त्याच्या हे मनातही आलं नाही. माझ्याही आलं नाही. माझ्या तर बहिणीचा साखरपुड्याचा फोटो त्या खिडकीपुढे काढला होता. हसावं की रडावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कोण कुणाची समजूत काढत होतं इतके दिवस? तेव्हापासून कुंदूजच्या बहिणीचा फोटो आला की मी आधी तिच्या मागची भिंत बघते.

"बीबी, मग तू खाऊनपिऊन तरी..." शाहवलीनं विचारायला सुरुवात केली.

"खाते, पिते. हलीमा आहे. तू तुझं सांग. ती बाई पडदा घेऊन गेली, मग तुला का नेत नाही?"

"नेतेय. दोघांना. तू दुवा दिलीस तर."

बीबीजाननं लगेच दोन्ही हात वर केले, ओठ हलवले, तोंडावरून हात फिरवले. एवढंच. ज्याच्या काळजीनं त्याला इतके दिवस अन्न गोड लागलं नव्हतं, ते एका श्वासात झालं. मग ती म्हणाली, "आणि तिथं रंग फुकट देतात म्हणालास ना? मग मला नवा पाठव. याचा निळा उडालाय. आणि नुसती खिडकी नको, तेच तेच बघून कंटाळले. तुझं ते झाड काढ, बदलणारं. थंडीचं वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं."

"माप लागेल, बीबी."

"घे माप."

हलीमानं फोन धरला आणि म्हातारी उठली. तांदळाची पोती बाजूला करून ती भिंतीला विती लावू लागली, अंगठा ते करंगळी, अंगठा ते करंगळी, मोठ्यानं मोजत. शाहवलीनं कोळशाच्या तुकड्यानं आकडे आमच्याच ओल्या भिंतीवर लिहिले. त्याला नीट दिसत नव्हतं, दोनदा चुकला, सीमीननं सुधारलं. मास्तर कोपऱ्यात बसून उर्सुलाला उत्तर लिहीत होते. "काय करणार म्हणून लिहू?" त्यांनी विचारलं. "पडदा," शाहवली मागं न बघता म्हणाला. "माझ्या आईच्या खोलीचा. बाकी काही सजवू नका, मास्तर, एवढंच लिहा."

एक भिंत झाली, दुसरी झाली, तिसरीशी बीबीजानला दम लागला, तरी ती थांबली नाही.

"चौथी किती, बीबी?"

बीबीजान चौथ्या भिंतीपाशी गेली आणि तिथं तिनं वीत लावली नाही, नुसता हात ठेवला.

"इकडे दार आहे, बच्चेम," ती म्हणाली. "ते खरं आहे. त्याच्यावर काही काढू नकोस. तू आलास तर आत कुठून येशील?"